चौकोनी कंसातले मरण : 'टू द लाइटहाउस' आणि मुलीचा शोक

५ मे १८९५ या दिवशी लंडनमधील हाइड पार्क गेट येथील २२ क्रमांकाच्या घरात जूलिया स्टीव्हन ही स्त्री वयाच्या ४९व्या वर्षी मरण पावली. ५ मे १९२७ या दिवशी त्याच लंडनमधील होगार्थ प्रेसने तिच्या मुलीची, व्हर्जिनिया वुल्फ यांची, 'टू द लाइटहाउस' ही कादंबरी प्रसिद्ध केली. या दोन तारखांमध्ये ३२ वर्षांचे अंतर आहे. तेरा वर्षांच्या मुलीचा शोक शब्दांत उतरायला एवढा काळ का लागावा, आणि उतरला तेव्हा तो कादंबरीतल्या मुलीच्या तोंडी न येता एका परक्या, अविवाहित चित्रकर्तीच्या वाट्याला का यावा, हे दोन प्रश्न आम्हांला महत्त्वाचे वाटतात. या कादंबरीचा विचार आपल्याकडे बहुधा संज्ञाप्रवाही तंत्राच्या अनुषंगाने होतो. ते तंत्र महत्त्वाचे आहेच. पण कोणत्या गरजेतून ते घडले हे पाहायचे तर त्या ३२ वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

आधी त्या आईविषयी. जूलिया जॅक्सन हिचा जन्म ७ फेब्रुवारी १८४६ रोजी कलकत्त्यात झाला. तिचे वडील तेथे डॉक्टर होते आणि आजोळचे पॅटल कुटुंब बंगालमधल्या कंपनी सरकारच्या वर्तुळातले होते. तिची मावशी जूलिया मार्गारेट कॅमेरॉन हीदेखील कलकत्त्यातच जन्मलेली. एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ छायाचित्रकारांत तिची गणना होते. या मावशीने आपल्या देखण्या भाचीची अनेक छायाचित्रे काढली. पुढे चित्रकार बर्न-जोन्स यांनी आपल्या एका चित्रातील कुमारी मेरीसाठी तिलाच समोर ठेवले. म्हणजे मुलीने लेखणी हाती घेण्याच्या कितीतरी आधीच ही आई एक प्रतिमा होऊन बसली होती.

प्रतिमेमागचे आयुष्य मात्र कष्टाचे होते. १८६७ साली तिचा हर्बर्ट डकवर्थ यांच्याशी विवाह झाला आणि १८७० साली ती विधवा झाली. पदरी तीन मुले होती : जॉर्ज, स्टेला आणि जेराल्ड. १८७८ साली तिने लेस्ली स्टीव्हन या विधुर विद्वानाशी दुसरा विवाह केला. त्यांना व्हनेसा, थोबी, व्हर्जिनिया आणि एड्रियन अशी चार मुले झाली; लेस्ली यांची पहिल्या विवाहातील मुलगी लॉरा वेगळीच. एवढा संसार सांभाळून जूलिया आप्तेष्टांच्या आणि गोरगरिबांच्या घरी आजाऱ्यांच्या सेवेला जात असे. १८८३ साली तिने रुग्णसेवेवर एक लहानसे पुस्तकही लिहिले. अंथरुणात सांडलेल्या पावाच्या चुऱ्याचा आजाऱ्याला केवढा त्रास होतो, याची तिने त्यात केलेली चिकित्सा वाचली की या बाईच्या ठायी बारकाव्यांचे आणि विनोदाचे भान किती होते हे ध्यानात येते. हीच बाई १८८९ साली स्त्रियांना मताधिकार देऊ नये, अशा जाहीर आवाहनावर सही करणाऱ्यांपैकी एक होती. हा तपशील पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आई गेली तेव्हा घरातला शोक कोणाचा होता? या प्रश्नाचे उत्तर कागदोपत्री आहे. लेस्ली स्टीव्हन हे 'डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी' या प्रचंड चरित्रकोशाचे पहिले संपादक. १८८५ ते १९०० या काळात त्याचे ६३ खंड निघाले आणि १८९१ पर्यंत त्यांची धुरा लेस्ली यांच्याकडे होती. इतरांची आयुष्ये नीटनेटकी मांडण्यात हयात घालवलेल्या या माणसाने पत्नीच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच मुलांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहायला घेतले. मुलांनी पुढे त्याला 'मॉसोलियम बुक', म्हणजे समाधिग्रंथ, असे उपरोधाने नाव दिले. त्यात जूलिया ही संतत्वाला पोहोचलेली पत्नी आहे आणि तिच्या वियोगाने खचलेला पती तिच्या थोरवीत स्वतःचे सांत्वन शोधतो आहे. पत्र मुलांसाठी असले तरी त्यात मुलांच्या शोकाला फारशी जागा नाही.

व्हिक्टोरियन घराची रीतच तशी होती. काळे कपडे, काळ्या किनारीचे कागद, हळू आवाजातले बोलणे, अंधारलेल्या खोल्या हा झाला बाह्य विधी. त्याच्या आत कामाची वाटणी होती. शोक करायचा तो घरच्या कर्त्याने आणि त्याला सावरायचे ते मुलींनी. आधी सावत्र मुलगी स्टेला ही त्या जागी उभी राहिली. एप्रिल १८९७ मध्ये तिचा विवाह झाला आणि जुलैमध्ये तीही मरण पावली. मग ते काम अठरा वर्षांच्या व्हनेसाकडे आले. १९०४ साली लेस्ली वारले, तोपर्यंत त्या घरातल्या मुली वडिलांच्या दुःखाच्या परिचारिका होत्या. आईच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी धाकट्या व्हर्जिनियाला मानसिक आजाराचा पहिला झटका आला, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचायला हवी.

त्या पहाटेची तिची स्वतःची आठवण पुढे १९३९-४० मध्ये लिहिलेल्या 'अ स्केच ऑफ द पास्ट' या आत्मपर लेखनात येते. आईच्या खोलीकडे मुलांना नेले जात असता वडील अडखळत बाहेर आले. त्यांना थांबवावे म्हणून मुलीने हात पुढे केले. ते तिच्या बाजूने निघून गेले. आत रडणारी परिचारिका पाहून मुलीला हसू येऊ लागले आणि आपल्याला काहीच वाटत नाही की काय, अशी भीती वाटली. नंतर पुन्हा एकदा आईच्या गालाचे चुंबन घेतले तेव्हा तो गार लोखंडासारखा लागला. या आठवणीतील पुढे केलेले आणि रिकामे राहिलेले ते हात वाचकांनी लक्षात ठेवावेत. ते कादंबरीत पुन्हा येतात, पण दुसऱ्याच कोणाचे तरी होऊन.

आईबरोबर आणखी एक घर गेले. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्‌ज येथे 'टॅलंड हाउस' हे घर लेस्ली यांनी भाड्याने घेतले होते. १८८२ ते १८९४ सालापर्यंत दर उन्हाळ्यात सारे कुटुंब तेथे जाई. समोरच्या खाडीत गॉड्रेव्हीचे दीपगृह होते. मुले घरात एक हस्तलिखित वार्तापत्र काढीत. त्यातल्या १८९२ च्या एका अंकात दीपगृहाच्या सफरीची आणि धाकट्या एड्रियनला सोबत न नेल्यामुळे झालेल्या त्याच्या निराशेची नोंद आहे. जूलियाच्या मृत्यूनंतर लेस्ली यांनी ते घर सोडून दिले. १९०५ च्या ऑगस्टमध्ये, वडीलही गेल्यावर, चौघे भावंडे सेंट आइव्ह्‌जला परतली आणि अंधारात जुन्या घराच्या कुंपणापर्यंत जाऊन, आतले दिवे पाहून, भुतांसारखी माघारी फिरली. दुसऱ्याच वर्षी थोबीही विषमज्वराने गेला. 'टू द लाइटहाउस'मधील घर स्कॉटलंडच्या स्काय बेटावर ठेवलेले असले तरी त्याच्या खिडक्या, बाग आणि समुद्र हे सेंट आइव्ह्‌जचे आहेत, हे वुल्फ यांच्या जवळच्यांनी तत्काळ ओळखले होते.

लिहिण्याचा प्रयत्न लवकर सुरू झाला होता. १९०७-०८ मध्ये, व्हनेसाच्या होऊ घातलेल्या मुलाला उद्देशून, व्हर्जिनियाने कुटुंबाच्या आठवणी लिहिल्या. त्यातही आई आहे. पण त्या लेखनाची भाषा वडीलधाऱ्यांची, चरित्रलेखनाची आहे. आई तेथे गौरवाच्या अंतरावर उभी आहे. १९१५ सालच्या 'द व्हॉयेज आउट' या पहिल्या कादंबरीची नायिका रेचल ही मातृहीन आहे, पण तिचे मातृहीनत्व कथेत मागेच राहते. १९२२ सालची 'जेकब्ज रूम' ही मृत भावाच्या भोवती फिरणारी कादंबरी आधी लिहून झाली. भावाविषयी लिहिणे जमले. आईविषयी लिहायला पाच वर्षे अजून होती.

कादंबरी सुचली ती लंडनच्या टॅव्हिस्टॉक चौकात फिरत असताना, अनावर वेगाने, असे वुल्फ यांनी नंतर सांगितले आहे. पण मे १९२५ मधील त्यांच्या रोजनिशीत पहिल्या आराखड्याची जी नोंद आहे ती आम्हांला फार बोलकी वाटते. त्या नोंदीत वडील, आई, सेंट आइव्ह्‌ज, बालपण असे सारे आहे. मात्र केंद्रस्थानी वडील आहेत, नावेत बसून कवितेची ओळ म्हणणारे आणि मरणाऱ्या माशाला चिरडणारे. म्हणजे आईच्या शोकाची ही कादंबरी आरंभी वडिलांची कादंबरी व्हायची होती. १८९५ साली घरात जे घडले तेच पुन्हा कागदावर घडू पाहत होते. प्रत्यक्ष लेखनात मात्र केंद्र सरकले आणि मिसेस रॅम्झी ग्रंथभर पसरली. जूनमधल्या आणखी एका नोंदीत आपल्या ग्रंथांना कादंबरीऐवजी दुसरे नाव शोधावे, असा विचार येतो आणि त्या ओघात विलापिका हा शब्द प्रश्नचिन्हासह पुढे येतो. ऑगस्ट १९२५ मध्ये लेखनास आरंभ झाला. मध्ये आजारपण आले. १९२६ च्या जानेवारीत काम पुन्हा सुरू झाले आणि सप्टेंबरच्या मध्यास पहिला खर्डा संपला. त्याच वर्षी होगार्थ प्रेसने कॅमेरॉनमावशीच्या छायाचित्रांचा संग्रह काढला आणि त्याची एक प्रस्तावना स्वतः वुल्फ यांनी लिहिली. आईला शब्दांत आणण्याचे काम चालू असता तिच्या काळची छायाचित्रे टेबलावर होती.

आता ग्रंथाच्या रचनेकडे वळू. पहिल्या भागात, 'द विंडो'मध्ये, एका सप्टेंबरची संध्याकाळ आहे. मिसेस रॅम्झी दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी मोजा विणते आहे. सहा वर्षांच्या जेम्सला उद्या दीपगृहाकडे जायचे आहे. हवा चांगली राहणार नाही, असे बाप ठासून सांगतो आहे. शेवटच्या भागात, 'द लाइटहाउस'मध्ये, दहा वर्षांनंतरची एक सकाळ आहे आणि ती सफर अखेर होते. या दोहोंच्या मधोमध 'टाइम पासेस' हा छोटा भाग आहे. त्यात रिकामे घर ओल, वारा, वाळवी आणि काळ यांच्या स्वाधीन होते. माणसे जवळजवळ नाहीतच. जी आहेत ती चौकोनी कंसांत.

मिसेस रॅम्झीचे मरण अशाच एका कंसात येते. पहाटेच्या अंधारात मिस्टर रॅम्झी हात पुढे करतात आणि ते हात रिकामे राहतात, एवढेच ते वाक्य सांगते. पत्नी आदल्या रात्री अचानक वारली हे त्यात केवळ कारण म्हणून, गौण उपवाक्यात, जाता जाता येते. ग्रंथाच्या पहिल्या ब्रिटिश व अमेरिकी आवृत्त्यांत या वाक्याची मांडणी किंचित भिन्न आहे. परंतु मृत्यूला मुख्य क्रियापद न देण्याचा निर्णय दोहोंत कायम आहे. १८९५ च्या पहाटे हात पुढे केले होते मुलीने आणि बाजूने निघून गेले होते वडील. कादंबरीत मुलगी दृश्यातून नाहीशी झाली आहे आणि रिकामे हात वडिलांना मिळाले आहेत. ही अदलाबदल आम्हांला या ग्रंथाचे मर्म वाटते. तीत वडिलांच्या दुःखाविषयीची उशिरा आलेली करुणा आहे. त्याचबरोबर त्या पहाटे शोकाचा हक्क कोणाकडे होता याची अचूक साक्षही आहे.

मरण असे कंसात घालण्याचे धाष्टर्य ऐतिहासिक दृष्ट्या किती मोठे, हे समजण्यासाठी डिकन्सची 'डॉम्बी अँड सन' ही १८४६ ते १८४८ मधील कादंबरी आठवावी. तिच्या पहिल्याच प्रकरणात आई मरते आणि लहानगी फ्लॉरेन्स तिला बिलगलेली असते. मृत्युशय्या, भोवतीची माणसे, अखेरचा श्वास हा व्हिक्टोरियन कादंबरीचा हक्काचा प्रसंग होता. वुल्फ तो वाचकाला नाकारतात. हे केवळ तंत्राचे बंड नाही. मध्ये १९१४-१८ चे महायुद्ध झाले होते. परदेशी पडलेल्या सैनिकांची शवे मायदेशी न आणण्याचे ब्रिटनचे धोरण होते. लाखो घरांत मरण आले ते तारेच्या कागदावर. शय्या नाही, शव नाही, निरोप नाही. लंडनमध्ये व्हाइटहॉल येथे १९२० साली उभारलेल्या दगडी स्मारकाचे नाव सेनोटाफ, म्हणजेच रिकामी कबर. 'टाइम पासेस'मध्ये थोरला मुलगा अँड्र्यू फ्रान्समध्ये तोफगोळ्याने मरतो तोही कंसात. मुलगी प्रू बाळंतपणाशी संबंधित आजारात जाते तीही कंसात. आईचे घरातले मरण, मुलीचे प्रसूतीतले मरण आणि मुलाचे रणांगणावरचे मरण यांना एकच विरामचिन्ह मिळते. राष्ट्राने सैनिकांसाठी रिकाम्या कबरी बांधल्या. वुल्फ यांच्या ग्रंथात स्त्रियांच्या मरणालाही तेवढ्याच मापाची जागा आहे.

मग शोक करते कोण? रॅम्झी कुटुंबात आठ मुले आहेत. पैकी कॅम ही मुलगी शेवटच्या भागात वडील आणि जेम्स यांच्यासोबत नावेत आहे. दोघा भावंडांनी बापाच्या जुलुमाशी लढायचे मनोमन ठरवले आहे, पण कॅमला बापाचे प्रेमही वाटते आणि ती त्या ओढाताणीत गप्प आहे. आईचे नाव तिच्या मनात जवळजवळ येतच नाही. येथे किनाऱ्यावर, हिरवळीवर, लिली ब्रिस्को दहा वर्षांपूर्वी अपुरे राहिलेले चित्र पुन्हा मांडून उभी आहे. तीच मिसेस रॅम्झीला मोठ्याने हाक मारते, रडते तीच. लिली आता ४४ वर्षांची आहे. १९२६ साली, हा भाग लिहिताना, वुल्फही ४४ वर्षांच्या होत्या.

लेकीचा शोक लेकीकडून काढून लिलीला का दिला, याचे आमच्या मते उत्तर सोपे असले तरी क्रूर आहे. नावेतली मुलगी अजून बापाच्या ताब्यात आहे. तिला आधी त्याच्याशी निपटायचे आहे. त्या घरातल्या मुलीला आईसाठी रडायची फुरसतच नव्हती. लिलीवर मात्र नात्याचे ओझे नाही. मिस्टर रॅम्झी तिच्यापुढेही सहानुभूतीची झोळी पसरून उभे राहतात. स्टेला आणि व्हनेसा यांच्यापुढे लेस्ली उभे राहत तसेच. लिलीला काही सुचत नाही आणि ती त्यांच्या बुटांची तारीफ करते! हा प्रसंग हसू आणणारा आहे, पण त्या हसण्यामागे तीस वर्षांचा हिशेब आहे. स्त्रीने पुरुषाच्या दुःखाला खतपाणी घातलेच पाहिजे हा नियम येथे पहिल्यांदा मोडतो आणि तो मोडल्यावरच लिली चित्राकडे वळू शकते.

लिलीला आणखी एक गोष्ट करता येते, जी मुलीला करता आली नसती. ती मृतेवर रागावू शकते. मिसेस रॅम्झीचा आग्रह असे की सर्वांनी लग्न केले पाहिजे. लिलीच्या चित्रकलेकडे ती कौतुकाने पण गंभीरपणाशिवाय पाही. स्त्रियांना चित्र काढता येत नाही, लिहिता येत नाही, असे चार्ल्स टॅन्स्ली म्हणतो आणि त्या जेवणाच्या टेबलावर मिसेस रॅम्झीची मूक अपेक्षा अशी, की लिलीने त्याच्याशी गोड बोलावे. आता जूलिया स्टीव्हनची १८८९ मधली ती सही आठवा. तिच्या मुलीची कादंबरी निघाल्यावर पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, ब्रिटनमधील स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. १९२९ मध्ये 'अ रूम ऑफ वन्स ओन' आले. आणि जानेवारी १९३१ च्या एका व्याख्यानात वुल्फ यांनी सांगितले की, लिहिता यावे म्हणून आपल्याला 'घरातील देवदूता'चा, म्हणजे स्वार्थत्यागी आदर्श गृहिणीच्या छायेचा, वध करावा लागला. हे नाव कॉव्हेंट्री पॅटमोर यांच्या १८५४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या काव्याचे. ती छाया कोणाच्या चेहऱ्याची होती, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून या कादंबरीतला पेच साधा नाही. जिच्यावर जीव होता, तिच्याच आदर्शाने आपले लिहिणे अशक्य केले असते. ती जगली असती तर हा ग्रंथ झाला नसता, हा विचार शोक करणाऱ्या मुलीला झेपणारा नाही. वडिलांच्या बाबतीत वुल्फ यांनी तो रोजनिशीत उघडपणे नोंदवला. २८ नोव्हेंबर १९२८ रोजी, वडिलांच्या वाढदिवशी, त्या लिहितात की ते जगले असते तर त्यांच्या आयुष्याने माझे आयुष्य संपवले असते. आईविषयी असे वाक्य आम्हांला त्यांच्या लेखनात आढळत नाही. त्या वाक्याच्या जागी लिली ब्रिस्को आहे.

मेमध्ये ग्रंथ हाती पडल्यावर व्हनेसाने बहिणीला पत्र लिहिले. आपल्याला कधी शक्य वाटले नसते इतके आईचे हुबेहूब चित्र यात आहे आणि तिला मेलेल्यांतून उठलेली पाहणे वेदनादायक आहे, असा त्याचा आशय आहे. ज्या एकाच व्यक्तीला ही पडताळणी करण्याचा अधिकार होता, तिने ती केली. मुखपृष्ठही व्हनेसाचेच होते.

या ग्रंथाने आपण शोकमुक्त झालो, असे वुल्फ यांनी 'अ स्केच ऑफ द पास्ट'मध्ये म्हटले आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत आई मनात वसत होती. ग्रंथ संपला आणि तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. मनोविश्लेषक रुग्णांसाठी जे करतात ते बहुधा मी स्वतःसाठी केले, अशी त्यांची मांडणी आहे. हा दाखला अध्यापकांना फार आवडतो, कारण फ्रॉइडचा धागा हाती लागतो. धागा खराच आहे. शोक आणि विषण्णता यांतील भेद सांगणारा फ्रॉइड यांचा १९१७ सालचा निबंध ज्या इंग्रजी संग्रहात आला, तो १९२५ साली होगार्थ प्रेसनेच छापला होता. धाकटा भाऊ एड्रियन पुढे मनोविश्लेषक झाला. मात्र खुद्द वुल्फ यांनी फ्रॉइड मन लावून वाचायला घेतला तो १९३९ च्या अखेरीस. शिवाय त्याच परिच्छेदात त्या पुढे विचारतात की आईविषयीच्या भावनेचा उलगडा झाला म्हणजे नेमके काय झाले. आणि वर्णन केल्याने ती भावना इतकी क्षीण का व्हावी. म्हणजे ज्याला आपण उपचाराची पावती समजतो, त्यात तक्रारही आहे. आवाज थांबला तो बरे वाटण्यासाठी थांबला, की लिहिल्यामुळे आई दुसऱ्यांदा गेली? वयाच्या ५७व्या वर्षी, दुसरे महायुद्ध तोंडावर आले असता, ही लेखिका पुन्हा आईच्या मांडीवरल्या फुलाफुलांच्या पोशाखापाशी, अगदी पहिल्या आठवणीपाशी, येऊन बसली होती. जिचा ध्यास सुटला असे ती म्हणत होती, तिच्याविषयीच ती लिहीत होती. 'अ स्केच ऑफ द पास्ट' अपुरेच राहिले आणि १९७६ साली प्रसिद्ध झाले.

वुल्फ यांच्यानंतर युरोपात मुलींनी आईच्या मरणावर लिहिण्याची एक वाट तयार झालेली दिसते. सिमोन द बोव्हार यांची आई १९६३ मध्ये कर्करोगाने वारली. १९६४ साली त्यांनी त्या दिवसांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रोगाचे नाव आईपासून लपवण्यात आपण सामील होतो, ही सल त्यात आहे. आनी एर्नो यांची आई १९८६ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या आजारानंतर गेली. दोन वर्षांनी 'युन फाम', म्हणजे 'एक स्त्री', हे छोटे पुस्तक आले. आई कामगार वर्गातली, छोटे दुकान चालवणारी. शिकून वर आलेल्या मुलीला तिच्याशी बोलायला भाषाच उरलेली नव्हती. २०२२ साली एर्नो यांना नोबेल मिळाले. या दोघींनी कल्पित टाकून दिले. वुल्फ यांना मात्र कल्पिताच्या आडूनच जवळ जाता आले. मार्ग भिन्न असले तरी मृत आईशी चाललेला मुलीचा वाद तिघींत समान आहे आणि तो वाद हाच शोकाचा प्रकार आहे.

मराठी वाचकाला येथे एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. आपल्या लिखित साहित्यातली ठसठशीत आई ही बहुतांशी मुलाची आई आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'ने पिढ्यान्‌पिढ्या रडवले ते मुलाच्या डोळ्यांनी. मुलीचा शोक आपल्याकडे होता तो जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत आई, माहेर आणि आईवाचून ओस पडलेले माहेर हा विषय पुन्हा पुन्हा येतो. शास्त्राने विवाहित मुलीला आईवडिलांचे सुतक तीनच दिवसांचे सांगितले. त्यापुढचा शोक तिने सासरी, पहाटे, दळण दळता दळता करायचा. हाइड पार्क गेटचे घर आणि कोकण-देशावरचे घर यांत साम्य शोधण्याचा आमचा अट्टहास नाही. पण मुलीच्या दुःखाला घरातल्या विधीत जागा नसली की ते दुसरा आकार शोधते, एवढे दोन्हीकडे दिसते. एका ठिकाणी तो आकार ओवीचा झाला, दुसऱ्या ठिकाणी चौकोनी कंसाचा.

कादंबरीच्या शेवटी लिली चित्राच्या मधोमध एक रेघ ओढते आणि चित्र पुरे होते. ते कदाचित माळ्यावर पडेल, कदाचित नष्टही होईल, हे तिला ठाऊक आहे. त्या रेघेला आजवर दीपगृहाचे, झाडाचे, भागांच्या जोडणीचे प्रतीक म्हणून वाचले गेले आहे आणि त्या वाचनांना आधारही आहे. आमची विद्यार्थ्यांना एवढीच सूचना आहे, की ती रेघ समजून घेण्याआधी मधल्या भागातला तो कंस एकदा सावकाश वाचावा. त्यात मुख्य क्रियापद कोणाचे आहे, हात कोणाचे आहेत आणि त्या मार्गिकेत मुलगी कोठेच का नाही, हे पाहावे. ती नाही म्हणूनच पुढची शंभर पाने लिहिली गेली आहेत.